विस्थापितांचे दारिद्र्य आणि आपली मोजपट्टी

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत कार्यकारिणीत थोडी खडाजंगी झाली, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. धरणग्रस्तांच्या वसाहतींतील गरीब कुटुंबांना आपली संस्था गेली काही वर्षे शिलाई मशीन आणि शेळ्या देत आली आहे. यंदा देणगी कमी जमली. तेव्हा खजिनदारांनी सरळ विचारले, "आजवर दिले त्याचे पुढे झाले काय?" कोणालाच उत्तर देता येईना. अहवाल उघडले. त्यात वाटपाचे फोटो होते, हार होते, पाहुण्यांची नावे होती. वाटपाच्या दुसऱ्या दिवसापासून पुढे मात्र कोरे पान! मग अध्यक्ष आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही बँकेत आहात, हिशेब तुम्हाला कळतो, तुम्हीच बोला." म्हणून आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत. आम्ही अर्थतज्ज्ञ नव्हे. इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि वीस वर्षे काउंटरच्या आत बसलो, एवढीच आमची पात्रता.

प्रथम विस्थापित म्हणजे कोण, ते थोडक्यात पाहू. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात कोयनेचे धरण १९६४ साली पुरे झाले. शिवसागर जलाशयाखाली शंभराच्या आसपास गावे गेली. माणसे सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशी सहा जिल्ह्यांत पांगली. पुढे धोम झाले, वारणेवर चांदोली झाले, कण्हेर, उरमोडी, तारळी झाले. २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आणि डोंगरावर उरलेल्या काही गावांचाही प्रश्न उभा राहिला. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात आला तो १९७६ साली. म्हणजे कोयनेचे पाणी चढले तेव्हा उठणाऱ्या माणसाच्या हातात कायद्याचा कागद नव्हता. १९८६ आणि १९९९ साली सुधारून नवे कायदे आले, पण ते कोयनेच्या पहिल्या पिढीसाठी वरातीमागून घोडे ठरले.

आपल्या समाजाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. आणि कोयना खोऱ्यातील माणसे उठली तीही याच सुमाराच्या वर्षांत. धर्म, वतन आणि गाव ही तिन्ही एका पिढीत बदललेली घरे आपल्यात आहेत. पहिला बदल त्यांनी आपखुशीने केला, तिसरा त्यांच्यावर आला. ज्यांच्या नावावर सात-बारा होता त्यांना जमिनीचा मोबदला मिळाला, थोडा का होईना. जो दुसऱ्याच्या बांधावर राबत होता त्याचा बांधच पाण्याखाली गेला, आणि गेलेल्या मजुरीचा मोबदला कोणत्याही तक्त्यात नव्हता.

धरणापायी आपली माणसे कुठे गेली, कशी राहिली, हे पाहण्याचे काम डॉ. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केले. त्यांची कोयना विस्थापितांची पाहणी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६९ साली प्रसिद्ध केली. जाईताई तर आपल्या फलटणच्याच. विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे की ग्रंथालयातून ते पुस्तक मिळवून पाहावे. धरण झाल्यावर त्याच्या भिंतीचे कौतुक करायला पुष्कळ जण जातात. उठलेल्या माणसाच्या नव्या दारात जाऊन "आता कसे आहे?" असे विचारणारे थोडे. मूल्यमापन हा शब्द जड वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच आहे.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. सांगली जिल्ह्यातील एका शाखेत आमची बदली झाली, तेव्हा जुनी कपाटे आवरताना एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाच्या खतावण्या हाती लागल्या. नव्या मुलांना हा कार्यक्रम ठाऊक नसेल. १९७८-७९ साली काही तालुक्यांत सुरू झाला, १९८० पासून देशभर गेला आणि १९९९ साली त्याचे रूपांतर स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत झाले. गरीब कुटुंबाला म्हैस, शेळ्या, बैलगाडी, शिलाई मशीन असे साधन द्यायचे, काही भाग सरकारचे अनुदान, बाकीचे बँकेचे कर्ज. अल्पभूधारकाला पाव अनुदान, सीमांत शेतकरी व मजुराला तिसरा हिस्सा, अनुसूचित जाती-जमातींना निम्मे, अर्थात ठराविक मर्यादेपर्यंत.

त्या खतावणीत एका वसाहतीची तीन खाती लागोपाठ होती. तिन्हींवर एकच शिक्का: बंद. बँकेच्या भाषेत बंद खाते म्हणजे फिटलेले कर्ज, आणि कार्यक्रमाच्या अहवालात फिटलेले कर्ज म्हणजे यशस्वी लाभार्थी. ती वसाहत आमच्या सासुरवाडीच्या वाटेवरच आहे. एका रविवारी आम्ही सहज गेलो.

पहिल्या घरी एक म्हातारी आजी होत्या. त्या म्हणाल्या, "म्हस मेली की वो सायेब, दुसऱ्याच सालात. कानातला बिल्ला पडला हुता, त्यामुळं इमा न्हाई मिळाला. मग आमच्या मालकानं ऊसतोडीची उचल घेतली आन् बँकंचं भागवलं." म्हणजे एक कर्ज फेडायला दुसरे कर्ज. वर तीन हंगाम नवरा-बायको कोयता घेऊन बाहेर, पोरांची शाळा सुटली ती सुटलीच. आमच्या खतावणीत मात्र हे खाते सर्वांत नेटके.

दुसऱ्या घरचे खाते १९९० च्या कर्जमाफीत बंद झालेले. त्या वर्षी दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी आली होती. म्हैस तोवर गोठ्यातच होती की नव्हती, ते घरातल्या कोणाला नीट आठवेना. तिथे चहा घेतला आणि निघालो.

तिसरे घर पाहून आम्ही चकित झालो. या खात्यावर बँकेच्या तपासनीसाने लाल शाईने शेरा मारला होता: 'साधन जागेवर नाही, गैरवापर.' घरच्यांना विचारले. बाप सांगू लागला की म्हैस चांगली दुधाची निघाली, दोन वेत घेतले, मग चांगला भाव आला तेव्हा विकली, कर्ज फेडले आणि उरलेल्या पैशात थोरल्याला आयटीआयला घातले. थोरला फिटर झाला, कारखान्यात लागला, धाकट्या बहिणींची शिक्षणे त्याने केली. आज त्या घरावर स्लॅब आहे. सरकारच्या दप्तरी तो गैरवापर!

मित्रहो, तीन घरांवरून देशाचे अनुमान काढू नये, हे आम्हालाही कळते. पण मोजपट्टी चुकीची असली तर बुडालेला तरलेला दिसतो आणि तरलेला बुडालेला, एवढे त्या दिवशी पक्के कळले.

आता देशाच्या पातळीवर काय दिसले ते पाहा. या कार्यक्रमाचे सरकारने वेळोवेळी समवर्ती मूल्यमापन करविले. सप्टेंबर १९९२ ते ऑगस्ट १९९३ या फेरीत असे आढळले की, जुनी ६,४०० रुपये वार्षिक उत्पन्नाची दारिद्र्यरेषा धरली तर सुमारे ५४ टक्के लाभार्थी कुटुंबे रेषा ओलांडून गेली. आणि १९९१-९२ च्या किमतींप्रमाणे सुधारलेली ११,००० रुपयांची रेषा धरली तर सुमारे १६ टक्के. तीच कुटुंबे, त्याच म्हशी, तेच दूध. रेषा कोणती धरली यावर कोणी म्हणेल निम्म्याहून अधिक पार झाले, कोणी म्हणेल सहातला एक. म्हणून कोणी व्यासपीठावरून टक्केवारी सांगितली की विद्यार्थ्यांनी आधी विचारावे, कोणती रेषा आणि कोणत्या सालचा रुपया?

पुण्याच्या गोखले संस्थेतील नीलकंठ रथ यांनी १९८५ सालीच या कार्यक्रमावर कडक टीका केली होती. सगळ्याच गरिबांना जनावरे देऊन उद्योजक बनवता येणार नाही, पुष्कळांना हाताला काम आणि वेळेवर मजुरी हीच खरी गरज आहे, असा त्यांचा रोख होता. महाराष्ट्रात रोजगार हमी योजना होती, तिच्याकडे पाहून ते बोलत होते. बाबासाहेबांनी तर १९१८ सालीच लहान शेतजमिनींवरील आपल्या निबंधात दाखवून दिले होते की तुकडा लहान हे दुखणे वरवरचे आहे, शेतीवर जगणाऱ्या फाजील माणसांना दुसरे काम नाही हे मूळ आहे. विस्थापितांना एकर-दोन एकर कोरडवाहू तुकडा देऊन 'पुनर्वसन पूर्ण' असा शेरा मारणाऱ्यांनी तो निबंध वाचावयास हवा होता.

आता प्रश्न येतो की खरे मोजायचे कसे. आपण साधारणपणे काय करतो? आधी किती कमावत होती, शेळ्या दिल्यावर किती कमावते, हे विचारतो. वाढले तर आपले यश. पण त्या साली पाऊस चांगला झाला असेल, टेंभूचे किंवा म्हैसाळचे पाणी शिवारात आले असेल, मजुरी वाढली असेल. शेळ्या दिल्या नसत्या तर काय झाले असते, हे कळल्याशिवाय शेळ्यांचे श्रेय घेता येत नाही.

याचे एक उदाहरण आम्हाला फार बोलके वाटते. बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने २००२ पासून अतिगरीब कुटुंबांसाठी एक पद्धत बसवली. साधन कर्जाने द्यायचे नाही, मोफत द्यायचे. सोबत काही महिने खाण्यापुरती रोख रक्कम, म्हणजे उपाशीपोटी माणूस म्हैस विकणार नाही. शिवाय शिक्षण, बचत आणि दर आठवड्याला कार्यकर्त्याची भेट. ही पद्धत इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू अशा सहा देशांत सुमारे साडेदहा हजार कुटुंबांवर तपासली, त्याचा अहवाल २०१५ साली आला. साधन मिळालेली कुटुंबे आणि चिठ्ठी काढून न मिळालेली कुटुंबे यांची तुलना केली. एकंदरीत मिळालेली कुटुंबे बरी खात-पीत होती आणि कार्यक्रम संपल्यावर वर्षानेही तो फरक टिकून होता. होंडुरासमध्ये मात्र कोंबड्या रोगाने मेल्या आणि तिथे माणसांच्या हाती काही उरले नाही. (आमच्या आजींची म्हैस आठवली.)

परंतु याच धर्तीचा कार्यक्रम त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात झाला, त्याचा निष्कर्ष वेगळा निघाला. साधन मिळालेल्या बायांचे जनावरांपासूनचे उत्पन्न वाढले, हे खरे. कोणी फक्त त्यांनाच भेटले असते तर टाळ्या वाजवून परत आले असते. पण ज्यांना काही मिळाले नव्हते त्या बायाही तेवढ्याच पुढे गेल्या होत्या! कारण काय? त्या भागात शेतमजुरीला मागणी होती. जनावर मिळालेल्या बायांनी मजुरी कमी केली, न मिळालेल्या मजुरीला जात राहिल्या. एका हाताने आले ते दुसऱ्या हाताने गेले. न दिलेल्यांची तुलना नसती तर हे कोणालाच दिसले नसते.

आता आपल्या वसाहतींकडे येऊ. विस्थापितांचे मोजमाप इतर गरिबांपेक्षा अवघड आहे, आणि त्याची कारणे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावीत. जागतिक बँकेतील समाजशास्त्रज्ञ मायकेल सेर्निया यांनी धरणांमुळे उठलेल्या माणसांना आठ धोके असतात असे मांडले. जमीन जाणे, काम जाणे, घर जाणे, समाजात कडेला पडणे, आजार वाढणे, अन्नाची चिंता, सामाईक साधने जाणे आणि माणसामाणसांतील वीण उसवणे. यातील शेवटची दोन पैशात मोजताच येत नाहीत. कोयना खोऱ्यातील घराला जळण, करवंदे, रानभाज्या, गुरांना कुरण हे सारे रानातून मिळत असे. ते उत्पन्न कोणी लिहिले नव्हते, म्हणून गेल्यावरही कोणी लिहिले नाही. नव्या वसाहतीत कुटुंबाचे रोख उत्पन्न वाढलेले दिसेल, पण पूर्वी फुकट मिळणारे सरपण आता विकत घ्यावे लागत असेल तर ती वाढ कसली?

दुसरे म्हणजे कागद. कायद्यात अठरा नागरी सुविधा सांगितल्या आहेत, पण वसाहतीत गेल्यावर पहिला प्रश्न येतो सात-बाराचा. आमच्या काउंटरवर माणूस येतो, जमीन कसतो, ऊस लावतो, पण सात-बारावर अजून नाव लागलेले नाही. मग पीककर्ज नाही. मग खाजगी सावकार. त्याला शेळी दिली काय आणि मशीन दिले काय, व्याजाची गळती आधी बुजवावी लागेल. आमचे स्वच्छ मत आहे की काही घरांना आपल्या मशीनपेक्षा एका जाणत्या माणसाने तहसील कचेरीत चार खेपा घालून दिल्या तर जास्त उपयोग होईल. पण त्याचा फोटो निघत नाही.

तिसरे, निघून गेलेली माणसे. आपण वसाहतीत जाऊन विचारतो ते उरलेल्यांना. जे टिकले नाहीत ते मुंबईला गेले, पुण्याला गेले, ऊसतोडीला गेले. त्यांच्या घराला कुलूप. कुलपाला प्रश्न विचारता येत नाही, म्हणून आपल्या यादीत सगळे सुखी दिसतात. कधी उलटही असते. जो गेला तोच सुधारला. दोन्ही बाजूंनी कुलूप लागलेल्या घराची चौकशी केली पाहिजे. शेजाऱ्याकडे मोबाईल नंबर असतोच.

पुरातल्या विस्थापनाचीही तीच तऱ्हा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा छावण्यांत आपणही गेलो होतो. ब्लँकेटांचे ढीग पडले होते आणि बायका एकमेकींच्या कानात औषधांची आणि आतल्या कपड्यांची गरज सांगत होत्या. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. कोयनेच्या कुशीत मागे राहिलेल्या माणसांवरही घर सोडण्याची पाळी आली. अशा वेळी पहिल्या महिन्यात मोजमाप करत बसू नये, माणसाला आधी भाकरी द्यावी. पण सहाव्या महिन्यात, वर्षाने, तीन वर्षांनी कोणी जात नाही, हा आमचा मुद्दा आहे.

आता आपल्या शिलाई मशीनबद्दल थोडे कडू बोलतो. त्या वसाहतीत एका वहिनींना विचारले, मशीन चालते का? त्या म्हणाल्या, "चालते की भाऊ. पण शिवायचं कुणाचं? सगळ्यांच्याच घरात मशीन." एकाच गल्लीत आपण सर्वांना एकच धंदा दिला. त्यातच त्या गल्लीच्या तोंडाला एक जुने शिंपीकाम करणारे गृहस्थ होते. त्यांना आपण काही दिले नव्हते, कारण ते 'कमावते' होते. त्यांचे गिऱ्हाईक निम्म्यावर आले. आपल्या अहवालात ते कुठेच नाहीत, कारण ते आपले लाभार्थी नाहीत. मदतीचा धक्का न घेणाऱ्यालाही बसतो, तोही जमाखर्चात धरला पाहिजे.

आणि एक कबुली. निवड समितीत आम्ही स्वतः होतो. एका वर्षी यादीत आमच्या मेव्हण्याच्या चुलत भावाचे नाव आम्हीच घातले. गरीब होता, हे खरे. पण त्याच्याहून गरीब घर दोन दारे सोडून होते आणि त्या घरातली विधवा बाई कोणाच्या नात्यातली नव्हती. तिने अर्जही केला नव्हता, कारण अर्ज निघाल्याचे तिला कोणी सांगितलेच नाही. हे कोणी विचारले नाही, म्हणून आजवर बोललो नव्हतो.

यावर उपाय म्हणून आम्ही कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवली आहे, तिला काहींचा विरोध आहे, तो आम्हाला मान्य आहे. सूचना अशी. प्रथम वसाहतीतच माणसे बसवून सर्वांत नडलेली घरे कोणती ते त्यांच्याच तोंडून ठरवावे. त्यात बाया असाव्यात, कारण कोणाच्या घरी दोन वेळा चूल पेटत नाही हे बायांना पुरुषांपेक्षा आधी कळते. मग घरे जास्त आणि आपल्याकडे साधने कमी असतील, तर सर्वांसमोर चिठ्ठ्या काढाव्यात. भिशीत आपण हे करतोच. चिठ्ठी निघाली नाही त्यांना पुढील वर्षी आधी द्यावे, पण या वर्षी त्यांच्याही घरी जाऊन तेच प्रश्न विचारावेत. चिठ्ठीने नातेगोते आपोआप बाद होते, आणि मिळालेले व न मिळालेले यांची तुलनाही खरी होते. एक सदस्य म्हणाले, "गरिबांवर प्रयोग करता काय?" प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की साधने पुरत नसताना कोणाला तरी नाही म्हणावेच लागते. आजवर ते आपण बंद खोलीत म्हणत होतो. मात्र ज्या घरी लेकरू आजारी आहे किंवा म्हातारे माणूस एकटे आहे, तिथे चिठ्ठी लावू नये, तिथे सरळ मदत करावी, ही दुरुस्ती आम्ही स्वीकारली आहे.

प्रश्नही फार नकोत. गेल्या आठवड्यात घरात काय शिजले, किती वेळा. सरपण आणि पाणी कुठून आणले, किती वेळ गेला. कर्ज कोणाचे आणि व्याज काय. घरातली मुलगी शाळेत आहे का. सात-बारावर नाव आहे का. गेल्या वर्षात कोण बाहेरगावी गेले आणि का. दिलेली वस्तू आहे का, नसेल तर तिचे काय केले, आणि हा शेवटचा प्रश्न दरडावून विचारायचा नाही. विकली म्हणणाऱ्या माणसाला आपण चोर ठरवले तर पुढच्या घरी सगळे खोटेच ऐकायला मिळेल. तिसऱ्या घरचा तो लाल शेरा ध्यानात ठेवावा.

पहिली फेरी दिवाळीच्या सुट्टीत करायची आहे, कारण ऊसतोडीला जाणारी घरे त्यानंतर निघून जातात. सांगलीकडच्या दोन वसाहती आणि पाटण तालुक्यातील एक, असे ठरले आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी ज्यांना यायचे आहे त्यांनी आपली नावे आजच खजिनदारांकडे द्यावीत. विद्यार्थिनींची विशेष गरज आहे. एस.टी.चे भाडे संस्था देईल, जेवणाचा डबा ज्याचा त्याने आणावा, वसाहतीतल्या घरी जेवायला बसू नये. वह्या आम्ही आखून ठेवल्या आहेत. जुन्या लाभार्थ्यांच्या यादीत मेव्हण्याच्या त्या भावाचे घर पहिल्याच पानावर आहे, तिथे मात्र आम्ही जाणार नाही, दुसऱ्या कोणीतरी जावे.

जयभीम.